कवई मागं जात नाही

वैशाख सरत आला, तलाव गुडघाभर उरला आणि ढीवरटोल्यातली सगळी माणसं मासे धरायला चिखलात उतरली. डोमाजी तेवढा काठच्या पाळीवर बसून राहिला.

"उतर ना डोमाभाऊ," शेजारचा भैयाजी खालून म्हणाला. "काय नवरदेवासारका बसून राह्यला?"

"बसतो मी. तुमी धरा."

"आता मास्याचं भेव वाट्टे त्याले," कोणी बाई बोलून गेली आणि बोलल्यावर तिचीच तिला लाज वाटली.

गेल्या साली याच चिखलात डोमाजीची बायको सुकरी मेली होती. कवईनं. वीतभर मासा, पण पाऊस पडला की तलावातून निघून गवतावरून चालत धानाच्या बांधीत जातो. त्याच्या गालफडांच्या कडेला मागं वळलेले काटे असतात. गाल फाकवायचा, काटे मातीत रोवायचे, शेपटीनं रेटा द्यायचा. मागं ओढाल तर काटे अडकतात. डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तीत तांबड्या मांसाची झालर. तिथं कवई हवा धरते, म्हणून पाण्याबाहेर अर्धा दिवस जगते.

सुकरीचे दोन्ही हात चिखलात होते. पायाखाली दुसरा मासा लागला, म्हणून पहिला तिनं दातात धरला. सगळेच धरतात. तो घशात उतरला. डोमाजीनं ओढला, तसे काटे आणखी रुतले. बायांनी सुकरीला आंघोळ घातली तेव्हा घशातल्या माशाची शेपटी अजून हलत होती.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्याआधीचं एकट्या डोमाजीला; गलबल्यात बाकी कोणी ऐकलं नव्हतं. त्यानंच पाळीवरून हाक मारली होती, "सुकरे, भाकर खायले ये." आणि ओ द्यायला तिनं तोंड उघडलं होतं.

आता तलावाच्या मधोमध त्याची पोरगी मंगली वाकली होती. तिच्या पायाखाली काही हललं. हातातली कवई तिनं दातात धरली, डोकं आत, शेपटी बाहेर.

डोमाजी उठला. ओरडला नाही. चिखल तुडवत निघाला.

"पाहा, उतरला म्हातारा," भैयाजी हसला. "अवो मंगल..."

डोमाजीनं जाता जाता त्याच्या तोंडावर चिखलाचा हात दाबला. भैयाजी तोंड पुसत उभा राहिला.

मंगलीजवळ पोचल्यावर त्यानं एका हातानं तिची हनुवटी दाबून धरली, दुसऱ्याची बोटं तिच्या ओठांत सारून माशाची गालफडं मिटून आवळली.

"आता सोड. हळू."

काटे त्याच्या बोटांत घुसले. मासा बाहेर आला.

"काऊन बा? दुरून सांगतलं असतं तं मीच थुकली असती."

सगळे हात थांबले होते. डोमाजीच्या मुठीतून रक्त गळत होतं आणि कवई पुढं रेटा देतच होती.

"तुह्या मायले मीच आवाज देल्ला होता," तो म्हणाला. "तिनं ओ देल्ली."

मंगली बापाकडं बघत राहिली. मग कमरेची टोपली सोडून तिनं त्याच्या हातात दिली आणि पुन्हा चिखलात हात घातले.

दिवस कलेपर्यंत तो टोपली धरून तिच्या मागं मागं फिरला. ती एकेक मासा तीत टाकत गेली, दातात एकही धरला नाही.