रविवारच्या पाहुण्यासाठी घासलेला सम्राट

बटण नव्हे हो, मी रोमच्या सम्राटाचा चांदीचा दिनार बोलतोय! एका अंगाला त्याचं तोंड आणि कडेने त्याचं नाव. दुसऱ्या अंगाला आसनावर बसलेली एक बाई. कल्याणच्या बंदराकडे निघालेल्या एका व्यापाऱ्याच्या हातून निसटलो आणि खाडीच्या चिखलात रुतलो. तेव्हापासून एकच आस होती, कुणीतरी माझं नाव वाचावं.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी कोपरीकडच्या मिठागरात मी तिथे राबणाऱ्या दगडूच्या फावड्याला लागलो. "बटन हाय वाटतं," म्हणत त्याने मला नौपाड्यातल्या गोपीनाथरावांना देऊन टाकलं. ते कचेरीत कारकून, पण जुनं काही दिसलं की संशोधक!

गोपीनाथरावांनी मला एकदा शिवकालीन ठरवलं, एकदा पोर्तुगीज. त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी वाद मिटवला. "अहो, बसलेली बाई म्हणजे लक्ष्मीच!" त्यांनी मला देव्हाऱ्यात तांदळावर ठेवलं, बाई वर आणि सम्राट खाली. जग जिंकलेला माणूस आंबेमोहोरात तोंड खुपसून पडला.

शेवटी जुनी नाणी ओळखणारे कल्याणचे हरिहरपंत रविवारी यायला कबूल झाले. "कडेची अक्षरं दिसली की नाव सांगतो," असं त्यांनी कळवलं. गोपीनाथरावांनी लगेच वाचनालयात व्याख्यानही ठरवून टाकलं. माझा तर ऊर भरून आला.

रविवारी सकाळी घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखली. मग गोपीनाथरावांची नजर माझ्यावर पडली.

"एवढा मोठा माणूस यायचा आणि हे असं काळंकुट्ट? अक्षरं स्वच्छ दिसायला नकोत?"

ते काथ्या आणि विटेचा भुगा घेऊन मोरीत बसले.

"कडेला अजून काळं राहिलंय बघा. जोर लावा जरा," वासंतीबाई म्हणाल्या.

ते काळं म्हणजेच माझं नाव होतं. आधीच झिजून नावापुरतं उरलेलं, तेही सम्राटाच्या तोंडासकट मोरीतून वाहून गेलं. मी जीव तोडून ओरडलो, पण चांदीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

हरिहरपंतांनी भिंग लावलं, मला उलटंपालटं केलं, पुन्हा भिंग लावलं.

"चांदी आहे," ते म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

व्याख्यान मात्र झालंच. विषय होता, 'एका अज्ञात सम्राटाचा शोध'. टाळ्याही पडल्या.

आता मी पुन्हा तांदळावर आहे. बाई बऱ्यापैकी शाबूत आहे, तिला रोज हळदकुंकू मिळतं. सम्राटाच्या जागी नुसती गुळगुळीत चांदी. तुमच्या घरी असं काही काळवंडलेलं असेल, तर घासण्याआधी एकदा वाचून घ्या, एवढीच विनवणी.

माझं नाव मला अजून तोंडपाठ आहे. पण आता मी ते सांगितलं, तरी खरं कोण मानणार?