जोह्याहून आलेलं मशीन

पेणच्या स्टँडमागं पिझ्झाचं दुकान काढायचं ठरलं तेव्हा हौसाचा एकच हट्ट होता. ओव्हन जुना चालेल, टेबलं जुनी चालतील, पण मैदा मळायचं मशीन नवं हवं. गडब गावाजवळ हायवेवरच्या हॉटेलात सहा वर्षं तिनं पिझ्झे केले होते. पीठ बिघडलं की वर कितीही चीज लोटा, खाणाऱ्याला कळतंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण तिच्या नवऱ्याचा, महिपतीचा, थोरला भाऊ काळुराम जोहे गावात गणपतीच्या मूर्तींचा कारखाना चालवायचा. शाडूची माती मळायला त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या बेकरीतलं मशीन घेतलं होतं. तेच त्यानं टेम्पोत घालून पेणला आणलं, वर हार घालून. "घरात मशीन असताना बाजारात कशाला जाता?" म्हणाला. आता थोरल्या दिरानं चार माणसांदेखत दिलेली वस्तू परत कशी करायची? हौसानं गुमान पदर खोचला आणि घासायला बसली. दोन दिवस घासलं, तेव्हा कुठं भांड्यात तोंड दिसायला लागलं.

पहिला पिझ्झा महिपतीनं खाल्ला. "काय नाय गो, मऊ हाय," म्हणाला.

पहिलं गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याच घासाला थांबलं. दाताखाली कचकच. भांडं लख्ख होतं, पण मळणारा दांडा जिथं फिरतो त्या सांध्यात कित्येक वर्षांची शाडू बसली होती. मशीन तापलं की ती कणाकणानं पिठात उतरायची. हौसानं नवऱ्याला जाब विचारला.

"मला लागली व्हती थोडी कचकच," महिपती म्हणाला. "पण दादाला काय सांगू? आन् गणपतीची माती हाय, घाण नाय."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं! बायकोचा धंदा बुडाला तरी चालेल, पण भावाची भीड मोडायला नको.

मातीचा पिझ्झा, असं गावभर नाव झालं. हौसानं मशीन जोह्याला परत धाडलं, तसं काळुरामनं बोलणं टाकलं. ती हातानं मैदा मळू लागली. तरी येणारी माणसं चावता चावता मध्येच थांबायची, कुठं काही लागतंय का बघायची, आणि पुन्हा यायची नाहीत. शेवटी तिनं हातातली पाटली मोडली आणि रोह्याहून नवं कोरं मशीन आणलं. वरचं प्लास्टिक तिनं स्वतः सोडवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

दुपारी त्यातला पहिला बेस तिनं नुसताच भाजला. तुकडा तोंडात घातला आणि दाताखाली कचकच लागली. तिनं घास हातावर काढला, उन्हात धरला, बोटांनी चोळून पाहिला. मऊ मैदा, बाकी काही नाही. दुसरा घास घेतला, तर पुन्हा तेच. ज्या जिभेच्या भरवशावर सहा वर्षं काम केलं, तिच्यावर आता विश्वास ठेवता येईना. हौसाला रडू फुटलं.

उरलेला तुकडा तिनं महिपतीपुढं धरला. "खरं सांगा, लागतंय काय?"

त्यानं चावलं. बराच वेळ चावलं. तिच्या रडवेल्या तोंडाकडं बघत गिळलं.

"काय नाय गो," तो म्हणाला, "मऊ हाय."