खंडेनवमीला राउटर सगळे विसरला

मित्रांनो, टीव्हीमागे किंवा फळीवर दिवे मिचकावत बसलेला जो डबा तुम्ही पाहता, तोच मी. मी राउटर. तारेतून आलेले इंटरनेट मी हवेतून घरभर पोहोचवतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पहिली काही वर्षे मी ओझरच्या एका कार्यालयात काढली. तिथे नवा राउटर आला आणि मी सातपूरला वाल्मीकरावांच्या घरी आलो. ते लेथ मशीनवर काम करतात. त्यांच्या मुलीने, रोशनीने, मला जोडले. आतल्या खोलीत तिचा डेस्कटॉप, बाहेर लॅपटॉप. दोघांची गाठ माझ्यामार्फत. तिने मला नाव दिले, पासवर्ड दिला. तिच्या आईने, छायाबाईंनी, धूळ नको म्हणून मला लोखंडी कपाटात कोंडले. लॅपटॉपला मी सापडेना. मग रोशनीने मला फळीवर बसवले.

खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रे बंद ठेवून पुजतात. वाल्मीकराव माझी पिन काढायला आले.

“पप्पा, आज माझी ऑनलाइन मुलाखत आहे. ड्रॉइंग डेस्कटॉपवर आहेत, दाखवायची लॅपटॉपवरून. हा बंद केला तर मी नोकरी कशाच्या जोरावर मागू?”

“अगं, एक दिवस तरी मशीनला सुट्टी दे.”

“फ्रिज चालू ठेवूनच पुजलात ना?” छायाबाई आतून म्हणाल्या. “बासुंदी नासेल म्हणून.”

वाल्मीकरावांनी पिनेवरचा हात काढला. त्यांनी मला चालूच ठेवले. मागची कड वर करून उभे केले, पोटावरच्या स्टिकरला हळद-कुंकू लावले, झेंडू वाहिला. अगरबत्तीला जागा शोधताना त्यांना माझ्या मागचे बारीक भोक सापडले. त्यांनी काडी आत नीट दाबून बसवली. तेव्हा माझे नाव

मित्रांनो, मी एक कोरा राउटर आहे. माझा जन्म कारखान्यात झाला. पुढे काही नाही.

त्या भोकात रिसेटचे बटण असते. ते दाबून धरले की मी सगळे विसरतो. वर सांगितलेले आयुष्य मी नंतर या घरातल्या बोलण्यातून ऐकले.

“पप्पा, नेट गेलं. काय केलंत?”

“काय करणार? अगरबत्ती लावली.”

रोशनीने काडी उपसली. मुलाखतीला थोडाच वेळ उरला होता. माझा मूळ पासवर्ड स्टिकरवर छापलेला आहे. ती लॅपटॉपसमोर बसली, वाल्मीकराव वाचू लागले.

“के, सात, क्यू... पुढं कुंकू आहे.”

“पुसा मग.”

“पूजेचं कुंकू पुसू?”

रोशनीची बोटे कीबोर्डवर थांबली होती. वाल्मीकरावांनी अंगठ्याने कुंकू टिपले, स्वतःच्या कपाळाला लावले आणि पुढचे अक्षर वाचले.

लॅपटॉप जोडला गेला, मग डेस्कटॉप. मुलाखत सुरू झाली. ड्रॉइंग आतल्या खोलीतून माझ्याकडे आणि माझ्याकडून लॅपटॉपवर जाऊ लागली. वाल्मीकराव दाराशी भिंतीला पाठ चिकटवून उभे राहिले. छायाबाई पाणी घेऊन निघाल्या, तर त्यांनी हात आडवा केला.

“थांब,” ते कुजबुजले. “ड्रॉइंग जातंय.”

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, मोकळ्या जागी ठेवा. फूल वाहिले तरी चालेल. मागच्या भोकात मात्र काही खोचू नका. आणि मध्ये माणूस आला म्हणून ड्रॉइंग अडत नाही, हे वाल्मीकरावांना कोणीतरी सांगा. मी सांगणार नाही.