फळ्यावरची युद्धबंदी

मी फळा बोलतोय. रंगानं काळा, कोपऱ्यात तुटका, आणि शिक्षण विचाराल तर चौथी. छप्पन साली यवतमाळच्या एका सुतारानं मला सागाच्या लाकडात घडवलं आणि बोरी अरबच्या अलीकडच्या एका शाळेत टांगून दिलं. गावाचं नाव नाही सांगत. लोक चिडतात, अन् चिडलेल्या माणसाचा हात आधी माझ्यावरच पडतो.

तिथं मी संधी शिकलो, विरामचिन्हं शिकलो. आठ वर्षं शिकलो, पण चौथीतून कोणी वर काही ढकललं नाही. शेवटी एक दिवस गुरुजींच्या अंगठ्यावर पडलो. चुकून नाही, सांगून ठेवतो. कोपरा तुटला आणि माझी बदली ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झाली.

इथले सेक्रेटरी विठ्ठलराव रेडिओ ऐकायचे आणि बातम्या माझ्यावर लिहायचे. साधा शब्द त्यांना पचत नसे. पाऊस पडला की ‘पर्जन्यवृष्टी’. बकरी हरवली की ‘अजा बेपत्ता’! लोक बकरीऐवजी अजाबाई नावाची बाई शोधत हिंडले. मी पोट धरून हसलो. मला पोट नाही ही गोष्ट वेगळी.

पासष्ट साली लढाई लागली. विठ्ठलरावांनी माझ्या माथ्यावर लिहिलं, ‘गावचे जवान : प्रेमसिंग हरिसिंग’. एकच होता. तांड्यावरच्या मानीबाईचा मुलगा, फौजेत ट्रक चालवायचा. पोळ्यापासून त्याची चिठ्ठी नव्हती. मानीबाईला वाचता येत नसे, पण दर बाजारी मिरच्यांची टोपली घेऊन यायची आणि त्या ओळीवर हात ठेवून उभी राहायची.

सप्टेंबरात एका सकाळी रेडिओनं सांगितलं, लढाई थांबली. आता थांबली म्हणावं की नाही? नाही! विठ्ठलराव खडू घेऊन शब्द निवडत बसले.

“बळीराम, ‘शस्त्रसंधी’ कसा वाटते?”

बळीराम पंचायतीचा चपराशी. तो म्हणाला, “म्हणजे शस्त्र चालवाची संधी भेटली का, साहेब?”

“गाढवा! मंग ‘युद्धविराम’?”

कोणता विराम, स्वल्प का पूर्ण, हे मी विचारलं असतं. पण मला कोण विचारतं! ‘तह’ झाला नव्हता, कारण सह्या झाल्या नव्हत्या. शेवटी पसंत पडली ‘युद्धबंदी’. खाली मलेरियाच्या फवारणीची सूचना होती, जागा उरली होती ती फक्त प्रेमसिंगच्या नावाखाली. तिथंच लिहून मोकळे झाले. मधे एक रेघ ओढायला किती खडू लागतो हो?

बाजार भरला. मानीबाईचा दीर खेमसिंग आला. तो जबलपूरकडे ट्रकवर राहिलेला, हिंदी वाचणारा, आणि हिंदीत युद्धबंदी म्हणजे लढाईतला कैदी. त्यानं मोठ्यानं वाचलं, “प्रेमसिंग हरिसिंग, युद्धबंदी.” मग हळूच म्हणाला, “भाबी, आपला प्रेमसिंग पकडल्या गेला.”

मानीबाई ओट्याच्या पायरीवर खाली बसली. टोपली कलंडली, मिरच्या धुळीत. माझी फळी न् फळी संतापली होती, पण तोंडावर तोच शब्द घेऊन टांगलेला मी काय बोलणार?

विठ्ठलराव धावत आले. “अहो बाई, बंदी म्हणजे बंद! दारूबंदी म्हणजे दारू बंद, तशी युद्धबंदी म्हणजे युद्ध बंद!”

मानीबाईनं मान वर केली. “दारूबंदी त आमच्या तांड्यातही हाय, साहेब. बंद कोठी झाली?”

बाजार हसला. ती हसली नाही. “लढाई थांबली का संपली, थे सांगा. माह्यं पोट्टं पुढं जाईन का मागं येईन?”

विठ्ठलरावांनी खडू खाली ठेवला. “थांबली,” ते म्हणाले. “संपली का, मले नाही माहीत.”

“मंग तेवढंच लिहा.”

त्यांनी पुसलं आणि लिहिलं, ‘लढाई थांबली.’ माझ्या उभ्या जन्मातली ती सगळ्यात खरी ओळ. त्यानंतर दर बाजारी मानीबाई विचारायची, “अजून थांबलेलीच हाय नं?”

जानेवारीत प्रेमसिंग सुटीवर आला. वाळलेला, एका कानानं कमी ऐकणारा. माझ्यापुढंच आईनं विचारलं, “लढाई थांबली, त्याले तिकडं तुमी काय म्हणत होते रे?”

“काही नाही, याडी. पहाटे आवाज बंद झाला. आमाले खरंच वाटे ना, ट्रकखालून कोणी निघे ना. उजाडल्यावर एकानं चहा मांडला, तवा समजलं.”

आता माझा काळा रंग उडालाय, अक्षर धड उमटत नाही. विठ्ठलरावांची सवयही गेली नाही. काल त्यांनी लसीला ‘रोगप्रतिबंधक द्रव्य’ लिहिलं, एकही माणूस टोचून घ्यायला आला नाही. मी वैतागलोय, बाप्पा! लिहिणाऱ्यांनो, मोठे शब्द खुशाल वापरा, मी सोसतो. फक्त खडू टेकवण्याआधी एकदा मागं वळून पाहा, ओट्याखाली कोण उभं आहे.