आईच्या अक्षरातली पाटी

दाढ काढायला गेलेली थोरली दाढ न काढताच दवाखान्यातून बाहेर पडली. काउंटरमागे एक लाकडी पाटी टांगली होती आणि तिच्यावर चक्क तिच्या आईचं अक्षर होतं. ‘दार ऊघडंच आहे.’ ऊ दीर्घ, आई जन्मभर चुकवायची तसाच.

“छान आहे ना?” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठे मिळाली म्हणून.”

थोरलीला ते विचारायची गरजच नव्हती. सोळा वर्षांपूर्वी, नवऱ्याचं घर सोडावं की नाही या विचारानं तिची झोप उडाली होती, तेव्हा आईनं तिला दोन पानी पत्र लिहिलं होतं. त्यातल्या याच एका वाक्याच्या जोरावर ती बाहेर पडली, चष्म्याच्या दुकानात काचा घासायला शिकली, कुणापुढे हात न पसरता जगली. आई गेल्यावर धाकट्या बहिणीनं ‘आठवण म्हणून झेरॉक्स काढते’ असं सांगून ते पत्र एका दिवसासाठी नेऊन परत आणून दिलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक धाकटीच्या घरी पोचली.

मागच्या खोलीत लव्हेंडरच्या तेलाचा वास नाकात घुसत होता. धाकटीनं लाकडावर कागद पालथा घातला होता. त्याच्या पाठीवर तेलाचा बोळा फिरवून ती चमच्यानं घासत होती. तेलानं छपाईची काळी पूड सुटते, लाकूड ती धरतं. कागदावरची उलटी अक्षरं सुलट उमटतात. भिंतीशी अशा तीसेक पाट्या रचलेल्या होत्या.

“ताई, बस ना, पाच मिनिटं—”

“बसायला आले नाहीये. माझं पत्र बाजारात मांडलंस?”

“एकच ओळ घेतली गं. नाव कुठे घातलंय कुणाचं?”

“अक्षर घातलंस! मी त्या घरात मरत होते तेव्हा लिहिलंय ते. लोकांच्या चपलांच्या कपाटावर लावायला नाही!”

“लोकांना आवडतं, त्यात वाईट काय?”

थोरलीनं टेबलावरचा पॉलिशपेपर उचलला, पहिली पाटी गुडघ्यावर घेतली आणि घासायला लागली. हात सवयीचा होता. दार गेलं, दीर्घ ऊ गेला. मग दुसरी पाटी घेतली, तिसरी घेतली. भुसा लुगड्यावर, जमिनीवर सांडत होता.

धाकटीनं तिला अडवलं नाही. “घास, सगळ्या घास,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “दुसरं पानही मी वाचलंय, ताई. झेरॉक्स काढताना. ‘धाकटीला यातलं काही कळू देऊ नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.’ मला आईनं कधी एक ओळ लिहिली नाही. माझ्याबद्दल लिहिली ती ही.”

थोरलीचा हात थांबला, पण राग थांबला नाही. “म्हणून चोरी करायची?”

“नाही. पण आईचं काहीतरी आपल्या हातून उमटतंय, एवढं तरी वाटत होतं.”

थोरलीनं उरलेले छापील कागद गोळा केले आणि दार आपटून निघून गेली.

घरी येऊन तिनं पत्र काढलं. सोळा वर्षांत तिनं पहिलं पान शंभरदा वाचलं होतं, दुसरं क्वचितच. ते वाक्य तिथे होतं, आईच्या गोल, नीटस अक्षरात. आता तिला आईचाच संताप आला. एका मुलीला दार उघडताना दुसरीला बाहेर ठेवायची काय गरज होती? आणि हे भांडण करायचं तरी कुणाशी?

चौथ्या दिवशी धाकटीचा फोन आला. तिनं पाट्यांचं काम बंद केलं होतं, दवाखान्यातली पाटीही परत आणली होती.

“ते वाक्य वाचलं मी,” थोरली म्हणाली. “आईचं चुकलं.”

थोरलीनं हातातल्या पत्राची घडी घातली.

“पण तूही चोरच आहेस.”

“हो,” धाकटी म्हणाली. “आहे.”

थोरलीनं फोन ठेवला नाही.