पोळ्याचा उपास

प्रेमिलाचा जीव एका पांढऱ्या उंदरात अडकला होता. मधुमेही उंदरांच्या पोटात तिने साखर आटोक्यात ठेवणाऱ्या पेशी सोडून पाहिल्या. पण परक्या पेशींना शरीर टिकू देतं कुठे! म्हणून तिने अंडकोशातल्या आधारपेशी त्यांच्या सोबतीला दिल्या. शुक्राणूंना सांभाळणाऱ्या, शरीराच्या पहारेकऱ्यांना शांत ठेवणाऱ्या या दायाच. दोन्ही पेशी समुद्रशेवाळाच्या डिंकाच्या इवल्या गोळ्यांत बंद केल्या. तरी एकेक उंदीर गेला. उरला हा एकच. त्याची साखर सारा पावसाळा खाली राहिली होती. तिची पीएचडी म्हणा, अब्रू म्हणा, त्याच्यावरच होती.

सत्त्याऐंशी सालचा तान्हा पोळा, पोळ्याचा दुसरा दिवस. बाहेर मारबतीच्या मिरवणुकीचा गलका चालला होता. उंदराला रात्रभर उपाशी ठेव, असं तिने आदल्या संध्याकाळी धोंडबाला बजावलं होतं. उपाशीपोटीची साखरच खरं सांगते. धोंडबा काटोलकडचा, पिंजऱ्यांची देखभाल करणारा, जनावरांना जीव लावणारा माणूस.

सकाळी तिने थेंबभर रक्त तपासलं. साखर चढली होती. पुन्हा तपासलं, तेच. तिचे मार्गदर्शक कृष्णकांत सर फोनवर म्हणाले, गोळ्या निकामी झाल्या. पेशी सडायच्या आत आजच उघडून बघ. उद्या परत तपासू का, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सरांपुढे बोलायची तिची कधी छाती झाली नव्हती, ती आजही झाली नाही.

ईथरने उंदीर निपचित झाल्यावर तिने पोट उघडलं. गोळ्या भिजल्या साबुदाण्यासारख्या स्वच्छ निघाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशी जिवंत होत्या. दायाही, त्यांनी राखलेल्याही. मग साखर कशाने चढली?

तेवढ्यात धोंडबा आला. रिकामा पिंजरा पाहून त्याने पांढऱ्याची चौकशी केली. प्रेमिलाने घाईने ट्रेवर फडकं ओढलं आणि रात्री त्याला काही खायला दिलं होतं का, असं विचारलं. तो ओशाळला.

"काल पोळा होता ना, बाई. पोळ्याले जनावर उपाशी काहून ठेवाचं? पुरणपोळी ठेवून देल्ली पिंजऱ्यात. रातभर खात बसला असन." त्याने रुमालाची गाठ सोडली. "आजबी आणली त्याच्यासाठी."

तिने तो तुकडा घेतला. त्याच्यावर रागावताही येईना. एक दिवस थांबू या, एवढंच ती सरांना म्हणाली असती, तर ही पोळी आता पांढऱ्यानेच खाल्ली असती.