पोथीतल्या बासऱ्या

घाटंजीला पुंडलिकमामांच्या देव्हाऱ्यात एक पोथी आहे. त्यांचे आजोबा आसामात रेल्वेच्या कामावर होते, येताना घेऊन आले. तिचं अक्षर कुणालाच लागत नाही. पण पानोपानी जोडीजोडीने बासऱ्या काढलेल्या आहेत, म्हणून पोथी कृष्णाची ठरली; आणि पोथी कृष्णाची म्हणून घरात अंडंसुद्धा बंद झालं.

विमलमामी राजूरची. लग्न होऊन या घरात आली आणि तिचं कोंबडी खाणं सुटलं.

"सलोनी, तू एमेस्सी हायेस ना? नीट पाह्य," ती मला म्हणाली. "म्या कोंबडी कायच्यासाठी सोडली, मले एकदा समजू दे."

"कृष्णासाठी," मामा पेपराआडून म्हणाले.

माझा विषय वनस्पतिशास्त्र, म्हणून आधी पान पाहिलं. भिंगाखाली ताडपत्राच्या समांतर शिरा नव्हत्या, आडवेतिडवे धागे होते. म्हणजे साल. आसामात अगरूच्या सालीवर लिहीत. मग वेगवेगळी अक्षरं मोजली, ती देवनागरीच्या निम्म्याच्या आसपास भरली. तिकडच्या ताई भाषाकुळाच्या लिप्यांत अक्षरं अशी थोडीच असतात. त्यांतल्या खामती आणि फाके लिप्यांचे तक्ते जुळले नाहीत, आहोमचा जुळला. पण लिपी ओळखली म्हणजे मजकूर कळत नाही. फोटो शिवसागरच्या एका जाणकार शिक्षकांना पाठवले.

त्यांचं उत्तर मी दोघांना वाचून दाखवलं. "भाषा ताई-आहोम. भविष्य पाहायची पोथी आहे. आणि त्या बासऱ्या नाहीत, कोंबडीच्या मांडीची हाडं आहेत. हाडाच्या बारीक भोकांत बांबूच्या काड्या खोचायच्या आणि कोणत्या चित्राशी जुळतं ते पाहायचं."

मामांनी पेपरची घडी केली. मामी हसली नाही.

"म्हणजे म्या कोंबडी सोडली, ते कोंबडीच्या पोथीपायी."

"पाळलेलं वाया जात नसते," मामा म्हणाले. मग पोथीकडे वळले. "आपण जे पान उघडून पूजतो, ते काय सांगते?"

"हाडं असल्याशिवाय काहीच नाही. आधी हाडं, मग पान."

"मंग आणा लागन," मामी उठली. "बाजार आजच हाये."

"घरात नाही," मामा म्हणाले. "आंगणात. परीक्षेपुरती."

मामीने पिशवी घेतली. दारातून मला विचारलं, "एका कोंबडीनं होते का वं?"

"एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत," मी म्हणाले.

"दोन आणतो," मामी म्हणाली.